चोपदाराची काठी आणि एकोणिसावी ओळ

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नाही बसला तरी माझी तक्रार नाही. ह्या गावात तर्कशास्त्र शिकवणारे इतके लोक राहून गेले, की इथली कालव्यातली बदकंसुद्धा पावाचा तुकडा तोंडात घेण्याआधी पुरावा मागतात. तरीही सांगते. मी एक जुनी काठी आहे, विद्यापीठाच्या चोपदाराची, आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या नोकरीत मी एकदाही वेळेआधी वाजले नाही. एक क्षणसुद्धा नाही. माझ्या पायाशी ही पाटी आहे ना, तिच्यावरही तेच कोरलंय: ‘ह्या काठीने वेळ कधीही चुकवली नाही.’ पाटी पितळेची आहे. पितळ कशाला खोटं बोलेल?

माझं लाकूड ओकचं. काठी होण्याआधी नव्वद वर्षं मी एका दारात होते. इथून उत्तरेला, जिथं कालवा समुद्राला मिळतो, तिथं बोटींसाठी एक मोठा हौद आहे. हौदाच्या एका टोकाला कालव्याचं दार, दुसऱ्या टोकाला समुद्राचं. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी सारखं करायचं आणि मगच पुढचं उघडायचं. दोन्ही दारं एकदम उघडी पडली तर आतल्या बोटीचं काय होतं ते सांगत नाही, तुम्ही लहान आहात. मी समुद्राकडच्या दारातली फळी होते. भरतीचं पाणी आम्हांला दाबून घट्ट मिटवून ठेवायचं. ओहोटी लागली की दाब जायचा, आणि आम्ही बोटभर सुटायचो. वरून पाहणाऱ्याला दार बंदच दिसायचं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१९२१ साली ते दार मोडीत निघालं. त्यातली एक सरळ फळी सुताराला आवडली. त्यानं मला तासलं, डोक्यावर चांदीचा गोळा बसवला आणि गळ्यात सात घुंगरं बांधली. आता सहाच आहेत. सातवं एका उमेदवाराच्या आजीनं आनंदाच्या भरात दातांनी तोडून नेलं. हसू नका, बाईंचे दात तसे होते.

माझं काम एवढंच. कुणी मोठा प्रबंध लिहिला की त्याला काळे झगे घातलेल्या प्राध्यापकांसमोर उभं करतात आणि प्रश्न विचारतात. चोपदार मला घेऊन सगळ्यांना आत पोचवतो, स्वतः बाहेर येतो आणि हातात घड्याळ धरून उभा राहतो. पाऊण तास झाला की दार उघडून आत जायचं, मला जमिनीवर आपटायचं आणि म्हणायचं, “होरा एस्त!” म्हणजे, वेळ संपली. त्यानंतर एक शब्द नाही. प्रश्न अर्धा असला तर अर्धा, उत्तर तोंडात असलं तर तोंडात. एका उमेदवाराचा नुसता ‘आ’ झाला होता. तो तीन दिवस तसाच गावभर फिरला. माझ्यामुळे किती जण वाचले त्याची गणती नाही. किती जणांची उत्तरं माझ्याखाली मेली, तेही कुणी मोजलं नाही.

१९६० पासून मी राइंडर पोस्टमाच्या हातात होते. दांडगा माणूस, पंजे फावड्याएवढे, पण मला उचलायचा ते लेकराला उचलल्यासारखं. सभागृहाशेजारी त्याची एक चिंचोळी खोली होती. तिथं रोज साडेदहाला प्रोफेसर येले बाउमा कॉफी प्यायला यायचे. स्वतःच्या विभागातली कॉफी फळ्याच्या धुवणासारखी लागते असं त्यांचं म्हणणं. राइंडर डब्यातून प्रत्येकाला एक बिस्कीट द्यायचा आणि झाकण लावायचा.

“काय रे येले, आज काय सिद्ध केलंस?”

“एक आणि एक दोन होतात, हे जवळजवळ होत आलंय.”

“मग बिस्कीटही जवळजवळच घे.” असं म्हणून तो खरोखर अर्धं मोडून स्वतःच्या तोंडात टाकायचा.

बाउमा काय करायचे ते मी कोपऱ्यात उभी राहून शिकले. यंत्राला आपण हुकुमांची यादी देतो. लोक ती शंभर वेळा चालवून बघतात आणि म्हणतात, झालं, चालतंय. बाउमा म्हणायचे, “शंभर वेळा चाललं हा पुरावा नव्हे. एकशेएकाव्या वेळी बोटीत कुणाचा तरी भाऊ असेल.” म्हणून ते कागदावर ओळीमागून ओळ लिहीत जायचे. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर पाय रोवून उभी राहायची. शेवटी असं ठरायचं की चूक होणं शक्यच नाही, शंभरदा चालवा नाहीतर कोटी वेळा.

कुणाचा तरी भाऊ म्हणजे त्यांचाच. वोबे. १९५१ साली त्याच हौदात, समुद्राकडच्या दाराशी गेला. राखणदाराची नजर क्षणभर चुकली होती. बाउमा तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि काठावर उभे होते.

पुढं १९७३ मध्ये हौदाची दारं यंत्रावर चालवायचं ठरलं, तेव्हा बाउमांनी ते काम मागून घेतलं. दोन वर्षं खपून सिद्धता लिहिली. अवघ्या एकोणीस ओळी. दोन्ही दारं एका वेळी कधीही उघडी असणार नाहीत! वर्तमानपत्रात फोटो आला. लांबलांबून मुलं शिकायला येऊ लागली, त्या पद्धतीला ‘बाउमांची पद्धत’ नाव पडलं. भर सभेत त्यांनी त्या ओळी वाचून दाखवल्या तेव्हा मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते. अठरा ओळी कालव्याकडच्या दाराबद्दल, एकेक पाऊल टाकत. आणि एकोणिसावी: ‘समुद्राकडच्या दाराचंही तसंच.’

टाळ्या पडल्या. मला मात्र घाम फुटला असता, पण ओकला फुटत नाही. नव्वद वर्षं मी त्या दारात काढली होती. त्याचं तसंच नव्हतं. कालव्याला कुठं ओहोटी असते?

गंमत अशी, मित्रांनो, की बाउमांच्या विभागात एक नियम होता. सिद्धतेत ‘तसंच’ असं ज्यानं लिहिलं, त्यानं सगळ्यांसाठी सफरचंदाचा केक आणायचा. बाउमा म्हणायचे, “दमलेली माणसं ‘तसंच’ म्हणतात आणि भूत नेमकं तिथंच बसतं.” वीस वर्षांत दोनशे केक आले असतील. पण गुरूच्या एकोणिसाव्या ओळीकडे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी ती पाठ केली होती ना; पाठ झालेली ओळ कोण वाचतं?

नीन्के हाइडमानं वाचली. म्हणजे तिनं नाही, तिच्या यंत्रानं. नीन्के बाउमांची सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी, एका बेकरीवाल्याची मुलगी. तिनं असा प्रोग्रॅम लिहिला होता की तो दुसऱ्यांच्या सिद्धता ओळीनं वाचायचा आणि जिथं पाय घसरेल तिथं थांबायचा. प्रबंध छापून झाला. समारंभाला तीन आठवडे असताना, गुरूंना भेट म्हणून, तिनं त्या एकोणीस ओळी यंत्रात घातल्या. यंत्र अठराव्या ओळीपर्यंत गेलं आणि थांबलं. तिला वाटलं आपलंच चुकलंय. तीन आठवडे ती स्वतःची चूक शोधत राहिली. समारंभाच्या आदल्या दिवशी साडेदहाला ती राइंडरच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“प्रोफेसर, थोडं बोलायचं होतं. तुमच्याशी एकट्याशी.”

“राइंडर आपलाच आहे. आणि त्या काठीला काही कळत नाही,” बाउमा म्हणाले. “ये, बस. बिस्कीट मात्र एकच मिळेल.”

ती बसली नाही. कागद पुढं केला. “एकोणिसावी ओळ. ओहोटीला दार बोटभर सुटतं, आणि यंत्र त्याला बंद समजतं. मी सगळीकडून बघितलं, प्रोफेसर. चूक माझीच निघावी असं वाटत होतं.”

बाउमांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. बिस्कीट त्यांच्या कॉफीत बुडालेलं होतं, ते विरघळून तळाला गेलं.

“उद्या तुझा दिवस आहे, पोरी,” ते शेवटी म्हणाले. “हे नंतर.”

“नंतर म्हणजे कधी?”

“नंतर.”

ती गेल्यावर राइंडरनं दार लावून घेतलं. मग बाउमा राइंडरकडे न बघता म्हणाले, “घाई नव्हती रे. दमलोही नव्हतो. त्या दाराकडे बघवत नव्हतं मला. डोळे मिटले की वोबे दिसायचा. म्हणून लिहून टाकलं, तसंच.”

राइंडरनं फडकं घेतलं आणि माझा चांदीचा गोळा पुसू लागला. चमकत होता तरी पुसत राहिला.

आता तो दिवस. १९९१ सालचा जून. आमच्याकडे प्रबंधाबरोबर एक सुटा कागद देतात. त्यावर उमेदवारानं आपली दहा-अकरा मतं लिहायची असतात, कुठल्याही विषयावर, आणि शेवटचं बहुधा गमतीचं असतं. नीन्केचा कागद प्रबंधासोबतच छापून झाला होता, तिला काही कळण्याच्या कितीतरी आधी. तिचं अकरावं मत असं होतं: ‘सिद्धतेत “तसंच” म्हणणाऱ्यानं केक आणलाच पाहिजे, मग तो कुणीही असो.’

चाळीस मिनिटं सगळं सुरळीत गेलं. स्कॉटलंडहून आलेले एक थोराड परीक्षक होते, मॅकॲल्पिन नावाचे. बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हतं. वेळ उरला होता म्हणून त्यांनी तो सुटा कागद उचलला. मी आणि राइंडर दाराबाहेर होतो, पण दार जुनं आणि मॅकॲल्पिनसाहेबांचा आवाज मोठा.

“हे अकरावं मत, बाई! ह्या एका शब्दानं खरोखर कुणाचं नुकसान झालंय का? एखादं उदाहरण? की तुम्हांला नुसताच केक आवडतो?”

सभागृह हसलं. हसणं विरलं, आणि आता पाळी नीन्केची होती. त्या झग्यांसमोर खोटं बोलायचं नसतं, मित्रांनो; चोपदार आत पोचवतो ते त्याच कबुलीवर. आणि खरं बोलावं तर सोळा वर्षांची पद्धत, गुरूचं नाव आणि एका मेलेल्या भावासाठी बांधलेली गोष्ट, सगळं भरसभेत खाली येणार. तिची आई पहिल्या रांगेत बसली होती. बाउमा समोर बसले होते.

“हो,” नीन्के म्हणाली. आवाज अगदी साधा. “एक उदाहरण मला माहीत आहे. ते उदाहरण म्हणजे...”

दार उघडलं. मी जमिनीवर आदळले. सहाही घुंगरं वाजली.

“होरा एस्त!”

इथं लोक नाना गोष्टी बोलतात. बोलोत. मी तिथं होते. पाऊण तास पुरा झाला होता. बाहेर मोठ्या चर्चचा टोला पडला, मी माझ्या कानांनी ऐकला, त्याचा हादरा माझ्या पायापर्यंत आला. राइंडरचा हात थरथरत होता, तो गारठ्यानं. जून असला म्हणून काय झालं, आमच्याकडे जूनमध्येही गारठा असतो. आणि त्यानं घड्याळ खिशात टाकलं होतं, कारण ते बघायची गरज उरली नव्हती. एवढं पुरे.

नीन्केला पदवी मिळाली. बाउमांनी तिचं कौतुक करणारं भाषण केलं, चांगलं केलं, मध्ये एकदा पाणी प्यायले. नंतर सगळे रांगेनं तिचा हात हातात घेत होते. बाउमांची पाळी आली तेव्हा ती हळूच म्हणाली, “आता, प्रोफेसर?”

“नंतर,” ते म्हणाले.

महिन्याभरात ती स्वीडनला निघून गेली. निरोप घ्यायला आली नाही. दर वर्षी नाताळला ती राइंडरला कार्ड पाठवायची. बाउमांना नाही.

ती गेली त्याच्या पुढच्या सोमवारी बाउमा सायकल काढून थेट समुद्रापर्यंत गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तिथं फ्राउके नावाची राखणदारीण होती, आधीच्या राखणदाराची मुलगी. तिला त्यांनी कसंबसं सांगितलं, की ओहोटीच्या वेळी समुद्राकडच्या दाराला हातानं अडसर घालत चला, का ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी कॉफीला आले तेव्हा त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा होता.

“हसली रे ती, राइंडर.”

“कोण?”

“फ्राउके. म्हणाली, ‘अहो प्रोफेसर, अडसर तर आम्ही पहिल्यापासून घालतो! यंत्र आलं तरी बाबांनी सोडला नाही, मीही नाही. ओहोटीला ते दार सुटतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.’ मी विचारलं, पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? तर म्हणाली, ‘तो एक तरुण बोटवाला गेला ना एकावन्न साली, त्या दिवसापासून.’”

राइंडरनं डबा उघडला. त्या दिवशी त्यानं दोन बिस्किटं काढली आणि दोन्ही बाउमांपुढं ठेवली.

“तिला कळव,” राइंडर म्हणाला. “नीन्केला. चार ओळी लिही.”

“चार ओळींत काय लिहू? माझी सिद्धता सोळा वर्षं माझ्या भावानं धरून ठेवली होती, हे?”

“हेच.”

“आधी सगळ्यांसमोर सांगतो,” बाउमा म्हणाले. “मग तिला.”

तीन वर्षांनी त्यांच्या निवृत्तीचं व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं. आत जाण्याआधी बाउमा राइंडरच्या कानाशी लागले, “आज काही झालं तरी आत येऊ नकोस. शेवटचं पान मला पुरं वाचायचंय.”

“नाही येत,” राइंडर म्हणाला.

ते फार छान बोलले. वोबेबद्दलही बोलले, पहिल्यांदाच. मग शेवटचं पान हातात घेतलं आणि थांबले. दाराच्या फटीतून मला दिसत होतं. त्यांची नजर पानावरून उठली आणि दाराकडे आली. ते वाट बघत होते, मित्रांनो. आमची. राइंडरची बोटं माझ्याभोवती अशी आवळली गेली की मला वाटलं आता मोडते. पण त्यानं शब्द दिला होता. तो हलला नाही.

बाउमांनी पान घडी करून खिशात ठेवलं.

“आणि बाकीचं,” ते म्हणाले, “तसंच.”

सगळं सभागृह खो खो हसलं. “केक! केक!” मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. म्हातारा जाताजाता स्वतःच्याच नियमाची गंमत करून गेला, असं सगळ्यांना वाटलं. बाहेर राइंडर भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. दुसऱ्या दिवशी बाउमांनी विभागात केक पाठवला. मोठा होता. सगळ्यांनी चवीनं खाल्ला.

चार वर्षांनी राइंडरही निवृत्त झाला. नव्या चोपदारीणबाईंना हलकी काठी मिळाली आणि मला ह्या काचेच्या कपाटात ठेवलं. खाली लाल मखमल, मखमलीवर ही पाटी. कपाटाची एक किल्ली राइंडरकडेच राहिली. परत द्यायची विसरलो, म्हणायचा.

बाउमा घरी बसून ती सिद्धता पुन्हा लिहीत होते. बारा वर्षं. एकोणीस ओळींच्या जागी एक्केचाळीस पानं, आणि अख्ख्या वहीत ‘तसंच’ हा शब्द एकदाही नाही. मी पैजेवर सांगते, कारण त्यांनी ती इथं उभं राहूनच राइंडरला दाखवली. समुद्राकडच्या दारासाठी एक वेगळी ओळ होती: ‘ओहोटीला राखणदार अडसर घालतो.’ पहिल्या पानावर वर लिहिलं होतं, ‘नीन्के हाइडमाचं राहिलेलं वाक्य.’

“पोस्टानं पाठव ना,” राइंडर म्हणाला.

“पोस्टानं माफी मागतात होय रे? वसंतात विद्यापीठाचा मोठा समारंभ आहे, तिला बोलावलंय. तू हातात दे. मी दिली तर नाही घ्यायची.”

राइंडरनं कपाट उघडलं, पाटी उचलली, मखमलीखाली वही सरकवली आणि पाटी जागेवर ठेवली. “तुझ्या पायाशी ठेवतोय गं, लक्ष ठेव,” मला म्हणाला. चुकून म्हणाला असेल. काठ्यांशी कोण बोलतं?

वसंतात समारंभ झाला. नीन्के आली नाही. थंडीत राइंडर गेला. किल्ली त्याच्या जुन्या कोटात होती, कोट कुणाला दिला कोण जाणे. बाउमा त्याच्या दफनाला आले होते, परत जाताना ह्या कपाटासमोर थांबले. काचेवर तळहात ठेवला. पुढच्या वर्षी तेही गेले. राइंडरनं कशीतरी ती वही नीन्केला पोचवली, असंच समजून गेले असावेत. निदान मी तरी स्वतःला तसं सांगते. हौदाचं ते दारही आता पोलादाचं आहे आणि फ्राउकेच्या जागी कुणी नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी एक बाई येऊन माझी काच पुसतात. बाहेरून. लख्ख पुसतात. शाळांची मुलं येतात, नाक काचेला लावतात, तुमच्यासारखी, आणि पाटी वाचून पुढं जातात. म्हणून माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. जुन्या वस्तू नुसत्या बाहेरून पुसू नका. त्या उचला, त्यांच्या खालची धूळ बघा. आणि कुणाला काही सांगायचं राहिलं असेल तर त्याला नंतर म्हणू नका. मी वेळेची काठी आहे, वेळ मी सत्त्याहत्तर वर्षं सांभाळली, एक क्षण इकडचा तिकडे होऊ दिला नाही, म्हणून माझं ऐका...

पण तुम्ही माझ्याकडे बघतच नाही आहात. तुमच्यामागं कुणीतरी उभं आहे. पिकलेले केस, ओली छत्री, खांद्याला प्रवासाची पिशवी. वाकून पाटी वाचतेय, ओठ हलवत, ओळीनं, जणू एखादा शब्द सुटेल. बरोबरच्या चोपदारीणबाई कौतुकानं सांगतायत, “एकदाही वेळेआधी वाजली नाही हो ही, आमची शान आहे.”

“खोटं आहे,” ती मोठ्यानं म्हणाली. “चर्चचा टोलासुद्धा पडला नव्हता. माझ्या हातात घड्याळ होतं. तीन मिनिटं बाकी होती. ती पाटी आधी बाहेर काढा.”